सुबान दिला, वेबर घेतला: एका अदलाबदलीचा हिशेब

२९ जून २०१६ रोजी एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, एकास एक अशी अदलाबदल झाली. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने पी. के. सुबान हा आपला बचावपटू नॅशव्हिल प्रेडेटर्सला दिला आणि त्यांचा कप्तान शे वेबर घेतला. सोबत ना ड्राफ्टमधली निवड (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क), ना तिसरा खेळाडू. दोघेही बचावपटू, दोघेही उजव्या हाताने फटका मारणारे, दोघेही आपापल्या संघाचे बिनीचे शिलेदार, आणि नुकत्याच संपलेल्या हंगामात दोघांच्या नावावर गोल आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला लावलेला हातभार) मिळून बरोबर ५१ गुण. बचावपटूचे मोल आकडेशास्त्राने ठरवायचे की बर्फावरच्या निकालाने, या वादाला इतके स्वच्छ प्रकरण क्वचितच मिळते.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टर्फ येते, म्हणून आधी थोडेसे. आइस हॉकीत प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक बर्फावर असतात. त्या पाचांत दोन बचावपटू. एकेक शिफ्ट साधारण पाऊण मिनिटाची, मग दमलेला बाकावर आणि ताजा बर्फावर. वरच्या जोडीतला बचावपटू सामन्यात २५ मिनिटांच्या आसपास खेळतो, पण त्यातला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, त्याच्या स्वतःच्या काठीवर असण्याचा वेळ अगदी थोडा असतो. बाकीचा वेळ तो जागा धरतो, अडवतो, ढकलतो, वाट पाहतो. फॉरवर्डचे काम धावफलकावर दिसते, बचावपटूचे काम न झालेल्या गोष्टींत असते. न झालेली गोष्ट मोजायची कशी, ही सगळी डोकेदुखी तिथून सुरू होते.

सौद्याच्या दिवशी काय माहीत होते

सुबान २७ वर्षांचा. २०१३ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळालेला. करार ८ वर्षांचा, ७ कोटी २० लाख डॉलरचा. पगारमर्यादेत, म्हणजे संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा त्या कमाल आकड्यात, त्याचा दरवर्षी ९० लाखांचा बोजा, २०२२ पर्यंत. त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येऊ नये असे कलम १ जुलैला, म्हणजे सौद्यानंतर दोनच दिवसांनी लागू होणार होते. घाईचे कारण हे.

वेबर ऑगस्टमध्ये ३१ पूर्ण करणार होता. २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षे तो नॉरिसच्या मतदानात दुसरा आला होता. त्याच्या कराराची गंमत वेगळीच. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला आणि नॅशव्हिलने त्याच अटी स्वतः देऊन त्याला राखले. पहिली चार वर्षे दरसाल १ कोटी ४० लाख, शेवटची तीन वर्षे दरसाल १० लाख. म्हणजे २०१६ पर्यंत ५ कोटी ६० लाख नॅशव्हिलच्या खिशातून गेलेले, आणि मॉन्ट्रियलला १० वर्षांत द्यायचे होते ५ कोटी ४० लाख. पगारमर्यादेत मात्र सरासरी धरली जाते, त्यामुळे दरवर्षी ७८ लाख ५७ हजारांचा बोजा २०२६ पर्यंत. तेव्हा वेबर ४० वर्षांचा झालेला असणार.

खेळाच्या बाबतीत वेबरचे २० गोल, त्यांतले १४ पॉवर प्लेवर. पॉवर प्ले म्हणजे समोरच्या संघाचा एक जण शिक्षा भोगत बाहेर बसलेला असतानाचा खेळ. क्रिकेटमधल्या पॉवर प्लेशी त्याचा नावापुरता संबंध. २०१५ च्या ऑल-स्टार स्पर्धेत वेबरचा फटका ताशी १०८.५ मैल, म्हणजे जवळपास १७५ किलोमीटर मोजला गेला होता. सुबानचे ६८ सामन्यांत ६ गोल आणि ४५ असिस्ट.

आणि एक प्रसंग, जो बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोलोराडोविरुद्ध बरोबरी असताना, शेवटची दोन-तीन मिनिटे उरलेली असताना, सुबानचा प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला पाय घसरला, पक गेला आणि त्याच हल्ल्यावर जरोम इगिनलाने विजयी गोल केला. प्रशिक्षक मिशेल थेरियन यांनी उरलेल्या वेळात त्याला बाकावर बसवले आणि पराभवाचे खापर जाहीरपणे त्याच्यावर फोडले. ही चूक प्रत्येकाला दिसली. पण ज्या शंभर वेळा त्याने आपल्या गोलमागून पक उचलून संघाला संकटातून बाहेर काढले, त्यांचे रीप्ले कोणी दाखवत नाही.

दोन वह्या

निकालवाल्यांची वही प्लस-मायनसची. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला की अधिक एक, खाल्ला की उणे एक. पॉवर प्लेवर केलेला गोल धरत नाहीत, पण रिकाम्या जाळीत मारलेला धरतात. हे बारीक कलम महत्त्वाचे आहे. आघाडी राखायच्या शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षक वेबरसारख्यालाच पाठवतात आणि समोरचा गोलरक्षक जादा खेळाडूसाठी बाहेर गेलेला असतो, त्यामुळे फुकटचे अधिक त्याच्या खात्यात पडतात. पिछाडीवर असताना शेवटच्या मिनिटाला सुबानसारखा हल्ला करणारा बर्फावर असतो आणि रिकाम्या जाळीचे उणे त्याच्या खात्यात.

आकडेवाल्यांची वही कोर्सीची. बफेलो संघाचे गोलरक्षक प्रशिक्षक जिम कोर्सी यांच्या नावावरून हे नाव पडले. जाळीवरचा शॉट, बाहेर गेलेला शॉट, अडवलेला शॉट, तिन्हींची बेरीज. खेळाडू बर्फावर असताना दोन्ही बाजूंच्या एकूण प्रयत्नांत आपल्या बाजूचे किती टक्के, एवढाच प्रश्न. अडवलेले शॉट वगळले की त्याला फेनविक म्हणतात. पुढच्या पिढीचा आकडा अपेक्षित गोल. त्यात प्रत्येक शॉटचे अंतर, कोन, प्रकार, तो रिबाउंडवर आला का, हे पाहून गोल होण्याची शक्यता मांडतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात कोर्सीच्या वहीत वाद नव्हताच. सुबान बर्फावर असताना मॉन्ट्रियलचे पारडे स्पष्टपणे जड, तो बाकावर गेला की हलके. नॅशव्हिल हा शॉटच्या बाबतीत चांगला संघ, पण वेबर बर्फावर असताना त्याचा वाटा संघाच्या सरासरीच्या खाली. वेबरच्या बाजूचे उत्तर ठरलेले: तो कठीण प्रतिस्पर्ध्यांसमोर खेळतो, फेसऑफ (पंचाने पक टाकून खेळ सुरू करणे) आपल्या टोकाला असला की त्याला पाठवतात, आणि तो समोरच्याला लांबून मारायला लावतो.

या उत्तरातला पहिला भाग खरा आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. निम्म्याहून अधिक शिफ्ट खेळ चालू असतानाच बदलतात, त्यांना फेसऑफचा संबंध नसतो. लांबून मारायला लावण्याचा भाग जास्त टिकत नाही. बचावपटूचा शॉटच्या संख्येवरचा परिणाम वर्षामागून वर्ष पुन्हा दिसतो. तो बर्फावर असताना गोलरक्षकाची सेव्ह टक्केवारी (जाळीवरच्या शॉटपैकी किती अडवले) मात्र एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली जाते. ती गोलरक्षकाची आणि नशिबाची असते, बचावपटूचा हात तिच्यात थोडाच.

पहिला हंगाम: निकाल वेबरच्या बाजूने

२०१६-१७ च्या नियमित हंगामात वेबर ७८ सामने, १७ गोल, ४२ गुण, प्लस-मायनस अधिक २०. सुबान ६६ सामने, १० गोल, ४० गुण, उणे ८. पाठीच्या दुखण्याने त्याचे १६ सामने गेले. संघांच्या गुणतक्त्यात मॉन्ट्रियल ८२ गुणांवरून १०३ वर चढले आणि गटात पहिले आले. नॅशव्हिल ९६ वरून ९४ वर आले. एप्रिलपर्यंत अनेकांनी निकाल लावून टाकला.

आता कागद-पेन्सिल घेऊ. वरच्या जोडीचा बचावपटू हंगामात पाच-विरुद्ध-पाच साधारण १,४०० मिनिटे खेळतो. तेवढ्यात अंदाजे ५५ गोल इकडून, ५५ तिकडून होतात, एकूण ११०. निव्वळ नाणेफेकीवर सोडले तरी गोलफरक ११० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेदहा गोलांनी इकडेतिकडे हलतो. दोन खेळाडूंची तुलना केली की तो झोका १५ वर जातो. वेबर आणि सुबान यांच्यातले अंतर २८. म्हणजे झोक्याच्या दुपटीच्या आसपास. दुर्लक्ष करण्याइतके लहान नाही. पण ते कोणाचे, हे अजून कळलेले नाही.

आधीच्या हंगामात मॉन्ट्रियलने पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले होते. मग नोव्हेंबरमध्ये मुख्य गोलरक्षक केरी प्राइस दुखापतीने बाहेर गेला. तो एकूण १२ सामनेच खेळला, आणि ५५ सामन्यांत उभ्या राहिलेल्या माइक कॉन्डनची सेव्ह टक्केवारी ९०.३. वेबर आला त्या वर्षी प्राइसही परतला: ६२ सामने, ९२.३ टक्के. हे दोन टक्के चिल्लर वाटतात. ६२ सामन्यांत गोलरक्षकावर साधारण १,८०० शॉट येतात, त्यांचे दोन टक्के म्हणजे ३६ गोल. साधारण सहा गोलांच्या फरकाला एक विजय हा हॉकीतला ढोबळ भाव. म्हणजे सहा विजय, १२ गुण. संघाच्या २१ गुणांच्या चढणीतले निम्म्याहून अधिक एकट्या गोलरक्षकाच्या खात्यात गेले.

हाच हिशेब वेबरपुरता केला तर: त्याच्या १,४०० मिनिटांत आपल्या जाळीवर ६५० ते ७०० शॉट येतात. त्यांचे दोन टक्के म्हणजे १३ गोल. कॉन्डनसारख्या गोलरक्षकापुढे अधिक ७ दिसला असता तोच बचावपटू प्राइसपुढे अधिक २० दिसतो. स्लिपमध्ये चांगले हात असले की गोलंदाजाची सरासरी सुधारते, तसलाच प्रकार.

शॉटच्या वहीत तेवढ्याच मिनिटांत दोन्ही बाजू मिळून अडीच हजारांच्या वर नोंदी होतात. तिथे नशिबाचा झोका वाट्याच्या एक टक्क्याइतका. दोन बचावपटूंत तीन टक्क्यांचे अंतर दिसले तर ते योगायोगाने येणे अवघड. कोर्सीवर विश्वास ठेवण्याचे कारण शॉट गोलपेक्षा महत्त्वाचा हे नाही. शॉट २० पट जास्त वेळा घडतो, हे आहे.

मग वसंत आला, आणि निकाल सुबानच्या बाजूने

प्लेऑफमध्ये मॉन्ट्रियल पहिल्याच फेरीत न्यू यॉर्क रेंजर्सकडून सहा सामन्यांत हरले. शेवटच्या जागेवर आत आलेल्या नॅशव्हिलने शिकागोला चार सामन्यांत धुतले, त्या चारांत मिळून फक्त तीन गोल खाल्ले, आणि थेट स्टॅन्ली कपची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, अंतिम फेरी गाठली. आता आकडेवाल्यांनी पेढे वाटले. हेही तितकेच चुकीचे होते. गोलरक्षक पेका रिनेची त्या प्लेऑफमधली सेव्ह टक्केवारी ९३, आणि बचावपटूंच्या सुबान-एकहोल्म, योसी-एलिस या दोन जोड्यांतले तिघे आधीपासून तिथेच होते.

अंतिम फेरीचा पहिला सामना, २९ मे २०१७, पिट्सबर्ग. सुरुवातीलाच सुबानने गोल केला. पिट्सबर्गने दाद मागितली, त्याचा सहकारी फिलिप फोर्सबर्ग ऑफसाइड निघाला, गोल रद्द. मग पहिल्या सत्राच्या अखेरीस ४ मिनिटे ११ सेकंदांत पिट्सबर्गचे तीन गोल. त्यानंतर सलग ३७ मिनिटे पिट्सबर्गचा जाळीवर एकही शॉट नाही. नॅशव्हिलने ३-३ अशी बरोबरी केली. ३७ मिनिटांनंतर आलेला पहिलाच शॉट जेक गेन्ट्झेलने मारला आणि तो आत. पुढे रिकाम्या जाळीत आणखी एक. शॉट २६ विरुद्ध १२, निकाल ३-५. रिनेने ११ शॉटवर चार गोल खाल्ले.

या सामन्यात नॅशव्हिलच्या बचावफळीने काय वाईट केले? ३७ मिनिटे समोरच्याला शॉट घेऊ न देणे याहून अधिक काय करायचे असते? तरी निकालाच्या वहीत त्या रात्री त्यांच्या नावावर उणेच उणे. मालिका पिट्सबर्गने सहा सामन्यांत जिंकली. एकाच संघाने, एकाच गोलरक्षकासह, शिकागोविरुद्धही असाच बचाव केला होता.

फिल्मवर काय पाहायचे

कोर्सी 'किती' सांगतो, 'कसे' सांगत नाही. त्यासाठी मोजदाद हातानेच करावी लागते. दहा सामन्यांची फिल्म घ्यावी, एका बचावपटूच्या शंभरेक उचल मिळतात. प्रतिस्पर्ध्याने पक आपल्या कोपऱ्यात भिरकावला, बचावपटू पाठ फिरवून मागे गेला, मागून फॉरवर्ड धावत येतोय. त्याच्याकडे जेमतेम एक-दोन सेकंद असतात. तो पक काठीवर ठेवून किंवा पासने निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या टोकाच्या हद्दीबाहेर, नेतो, की काचेवर आपटून नुसता बाहेर फेकतो, की तिथेच गमावतो? तीन रकाने पुरतात. दुसरी मोजदाद उलट दिशेची: समोरचा पक घेऊन आत आला, भिरकावून आला, की रेषेवरच अडला. पक काठीवर घेऊन आत आलेल्या हल्ल्यातून भिरकावलेल्या पकपेक्षा सुमारे दुप्पट शॉट निघतात. एरिक टल्स्की यांनी हे मोजून दाखवले. हा रसायनशास्त्रातला डॉक्टर पुढे २०२४ मध्ये कॅरोलायना हरिकेन्सचा जनरल मॅनेजर झाला.

सुबानचा शॉटवाटा या पहिल्या रकान्यातून येत होता. काचेवर आपटायच्या जागी तो वळसा घेऊन स्वतः निघायचा, म्हणून त्याच्या चुका मोठ्या आणि मैदानाच्या मधोमध दिसायच्या. वेबर काच वापरायचा. काचेवरून बाहेर गेलेला पक बहुतेकदा समोरच्या बचावपटूकडे जातो आणि २० सेकंदांत पुन्हा आपल्याच कोपऱ्यात येतो. त्याला कोणी चूक म्हणत नाही.

वेबरची बाजूही खरी आहे, फक्त या रकान्यांबाहेरची. पॉवर प्लेवर त्याचा फटका येणार म्हणून एक बचावकर्ता त्याला चिकटून राहतो आणि बाकीच्यांना जागा मिळते. पाच-विरुद्ध-पाचच्या कोर्सीत हे दिसतच नाही. ते वेगळ्या कागदावर मांडायला हवे, आणि २०१६ मधल्या उत्साही तुलनांत बऱ्याचदा मांडलेले नव्हते.

कोर्सीचा घात करणाऱ्या आणखी तीन गोष्टी. पिछाडीवरचा संघ जास्त शॉट घेतो, म्हणून आघाडी-पिछाडीनुसार दुरुस्त केलेलाच आकडा घ्यावा, नाहीतर हरणाऱ्या संघाचा बचावपटू उगाच चांगला दिसतो. शॉटची नोंद माणसे करतात आणि काही रिंकवर हात सढळ असतो, म्हणून परगावचे सामने वेगळे पाहावेत. तिसरी सर्वांत चिवट: जोडीदार. नॅशव्हिलमध्ये वेबर आणि योसी इतका वेळ एकत्र खेळत की कोणाचे श्रेय कोणाला, हे कोणतेही समीकरण नीट सोडवू शकत नव्हते. वेबर गेल्यावर योसी उघडा पडेल अशी भीती होती. तो एलिसबरोबर खेळला, कप्तान झाला आणि २०२० मध्ये त्याने नॉरिस जिंकला. जोडी फुटल्याशिवाय असे उत्तर मिळत नाही.

आकडेवाले कुठे चुकले

२०१७-१८ मध्ये सगळे त्यांच्या मनासारखे झाले. सुबान ८२ सामने, १६ गोल, ५९ गुण, नॉरिसच्या अंतिम तिघांत, आणि नॅशव्हिल ११७ गुणांसह लीगमध्ये अव्वल. वेबर पायाच्या दुखापतीने २६ सामन्यांनंतर बाहेर, मग पायाची आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया. भाकीत होते की तिशी ओलांडलेल्याचा करार गळ्यात अडकेल. अडकला असेच वाटले.

मग उलटे झाले. २०१८-१९ मध्ये सुबान ६३ सामन्यांत ३१ गुणांवर घसरला. जून २०१९ मध्ये नॅशव्हिलने त्याला न्यू जर्सीला दिले. बदल्यात दोन फारसे नाव नसलेले बचावपटू आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी, कारण खरा माल होता ती ९० लाखांची मोकळी झालेली जागा. न्यू जर्सीत पहिल्या वर्षी ६८ सामन्यांत १८ गुण, उणे २१. तिथला उणे आकडाही वाईट संघाचा होता, पण या वेळी शॉटच्या वहीतही जुनी आघाडी उरली नव्हती. २०२२ मध्ये, ३३ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. दुसरीकडे वेबर शस्त्रक्रियांनंतर परतला: ५८ सामन्यांत ३३ गुण, पुढच्या वर्षी ६५ सामन्यांत ३६. ऑक्टोबर २०१८ मध्ये मॉन्ट्रियलचा कप्तान. आणि २०२१ मध्ये, ३५ व्या वर्षी, दुखऱ्या शरीरानिशी २२ प्लेऑफ सामने खेळून त्याने संघाला अंतिम फेरीत नेले. टॅम्पा बेने त्यांना पाचांत हरवले.

वयाचा आलेख शेकडो बचावपटूंची सरासरी असतो. एका माणसाला तो लावला की पाठीचा मणका आणि खेळण्याची पद्धत त्यातून सुटून जाते. सुबानचा सगळा डाव वळसा घेऊन सुटण्यावर उभा. पाठ आखडली की आधी तेच जाते. वेबरचा डाव जागा, आवाका आणि फटका यांवर, आणि हे उशिरा झिजते. २०१६ चे शॉटचे आकडे त्या दिवसापुरते बरोबर होते आणि पुढच्या दोन वर्षांपुरतेही ठरले. चूक झाली ती त्याच आकड्यांना सहा आणि दहा वर्षांच्या करारांचे ज्योतिष सांगायला लावले तेव्हा. तशी ती मोजणाऱ्यांची चूक, मापाची नव्हे.

वेबर २०२१ नंतर एकही सामना खेळला नाही. निवृत्त झाला असता तर सुरुवातीच्या वर्षांत जादा दिलेला पगार नंतर वळता करून घेण्याच्या नियमाने नॅशव्हिलच्या पगारमर्यादेला मोठी कात्री लागली असती, म्हणून तो कागदावर जखमी खेळाडूच राहिला. २०२२ मध्ये त्याचा करार वेगासला गेला, २०२३ मध्ये तिथून ॲरिझोनाला. पगारमर्यादेच्या वहीत ७८ लाख ५७ हजारांची ओळ २०२६ पर्यंत कोणाच्या तरी नावावर फिरत राहिली. मधल्या काळात, २०२४ मध्ये, तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. नॉरिस करंडक मात्र त्याला कधीच मिळाला नाही.